दोन दिवसांचं वजन, तरी फॅक्टर दीडच का?

भोसरीचा_ज्युनियर

नमस्कार मंडळी. एका छोट्या स्ट्रक्चरल ऑफिसात तीन वर्षं डिझाईन करतोय. गेले दोन दिवस आमच्याकडे एकाच आकड्यावरून वाद चाललाय, तो इथे मांडतो.

काम साधं आहे. एका कारखान्याच्या शेडमध्ये बेसफ्रेमसकट ८ टनांची मोटर आहे. शटडाऊनमध्ये ती सरळ वर उचलायची, खाली ट्रॉली घालायची आणि तिच्यावर टेकवायची. वर क्रेन नाही. मध्ये पाइप रॅक असल्यामुळे हायड्रा (फिरती क्रेन) आत जात नाही. म्हणून शेडच्याच दोन कॉलमना ब्रॅकेट मारून त्यावर ५ मीटरचा बीम टाकायचा आणि मधोमध १० टनी चेनब्लॉक लटकवायचा. शनिवारी रात्री सुरू, सोमवारी सकाळी बीम खाली. एकूण छत्तीस तासांचा खेळ.

माझा हिशोब असा. मोटर ७८.५ किलोन्यूटन. ब्लॉक, शॅकल, स्लिंग मिळून ३ धरले. हाताने ओढायचा ब्लॉक म्हणून वर १० टक्के धक्का. झाले ९०. मधोमध टांगल्यावर मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) ११२.५, त्यात बीमचं स्वतःचं वजन, म्हणजे ११४ किलोन्यूटन-मीटर. सुरक्षेचा फॅक्टर म्हणून दीडने गुणल्यावर १७१.

यार्डात आयएसएमबी ३०० चे (३०० मिमी उंचीचा आय आकाराचा स्टील बीम) सहा-सहा मीटरचे दोन तुकडे पडून आहेत. त्याची क्षमता मी काढली १४८, म्हणजे नापास. ३५० घेतला तर २०२, पास. म्हणून मी ३५० लिहिला.

सर म्हणाले, "अरे हा इरेक्शन लोड आहे. स्टीलच्या कोडचा, आयएस ८०० चा, तक्ता ४ उघड, १.२ दिलाय." १.२ ने १३७ येतात आणि ३०० आरामात बसतो. ऑफिसातले जुने साहेब आणखी पुढचे. ते म्हणाले, १९८४ च्या कोडात १६५ मेगापास्कल ताणाच्या परवानगीवर ३३ टक्के वाढवून मिळायचे, म्हणजे २२०. आपला ताण १९९ येतोय, मग अडचण कुठे आहे?

म्हणजे दोन जाणत्यांच्या मते बीम पास आणि फक्त माझ्या मते नापास. प्रश्न एवढाच की लोड इतका थोडा वेळ असेल तर फॅक्टर कमी करता येतो का? आणि तक्त्यातली नेमकी कोणती ओळ धरायची?

नटबोल्ट७७

सरांचं बरोबर आहे. तक्ता ४ मध्ये इरेक्शन लोडला १.२ स्वच्छ लिहिलाय. मशिनरी इरेक्शन हेसुद्धा इरेक्शनच. पडलेला माल वापरा, उगाच नवीन बीम कशाला आणताय. छत्तीस तासांत काय होतंय!

गर्डरकाका

बाळा, तुझ्या ऑफिसातलं भांडण म्हणजे बांध एकीकडे आणि कुऱ्हाडी दुसरीकडे. १.२ की १.५ हे सांगतो, पण त्याआधी तुझ्या १४८ कडे बघू.

हे १४८ कुठून आले? ३०० चा प्लास्टिक मॉड्युलस (आकारामुळे मिळणारी वाकण्याविरुद्धची ताकद) ६५१.७ घन सेंटिमीटर, त्याला स्टीलच्या यील्ड ताणाने (ज्यापुढे स्टील कायमचं वाकतं), २५० ने गुणलंस आणि मटेरियलच्या १.१ ने भागलंस. आकडा बरोबर आहे, पण तो अशा बीमचा आहे ज्याचा वरचा फ्लँज (आय आकाराची वरची आडवी पट्टी) सबंध लांबीभर कुणीतरी बाजूने धरून ठेवलाय. वर स्लॅब असला की धरला जातो. तुझ्या बीमच्या वर काय आहे? हवा. पाच मीटर लांबीत तो फक्त दोन टोकांना टेकलाय.

३०० ची आडव्या दिशेची जायरेशन त्रिज्या (सडपातळपणा मोजायचा आकडा) २८.४ मिमी. पाच मीटरला भागून बघ, १७६ येतात. एवढ्या सडपातळपणाला लॅटरल टॉर्शनल बकलिंग (एलटीबी, म्हणजे बीम पिळून बाजूला पळणं) लावलंस की वाकण्याचा परवानगी ताण साधारण १०० वर येतो, आणि १४८ चे राहतात ६६. लोड मधोमध एकाच बिंदूला आहे, म्हणजे मोमेंट दोन्ही टोकांकडे उतरत जातो. त्याची सवलत घेतली तरी ८३ च्या पुढे जात नाहीस. तुझा मोमेंट ११४ आहे, फॅक्टर न लावता. सरांचा १.२ सोड, तुझा १.५ सोड, फॅक्टर १.० धरला तरी हा बीम नापास. तुझा ३५० सुद्धा नापासच, त्याचे २०२ चे ११२ होतात. जुन्या कोडातही १६५ हा आकडा बाजूने धरलेल्या बीमचाच होता. न धरलेल्याला तेव्हाही कमी करायचे, त्यासाठी वेगळे तक्ते होते. साहेबांना फक्त गोड आकडा लक्षात राहिलाय.

आता फॅक्टरचं.

तक्त्यात इरेक्शनला १.२ आहे हे खरं. पण इरेक्शन लोड कशाला म्हणायचं हे त्याच कोडात तक्त्याच्या आधी लिहिलंय, ते कुणी वाचत नाही. एखादं स्ट्रक्चर उभं होत असताना त्याच्यावर ठेवलेला माल आणि उभारणीची यंत्रं यांचा जो भार त्या स्ट्रक्चरला सोसावा लागतो, तो इरेक्शन लोड. शेड उभी करताना अर्धवट फ्रेमवर पर्लिनची चळत ठेवलीस, तर त्या फ्रेमसाठी तो इरेक्शन लोड. फ्रेमचं खरं काम पुढे पन्नास वर्षांचं आहे, ही चळत म्हणजे वाटेतला एक दिवस. तुझ्या बीमचं तसं नाही. त्याच्या सगळ्या आयुष्याचं काम म्हणजे ही मोटर उचलणं. त्याच्यासाठी हा सरळ लाइव्ह लोड, हवं तर क्रेन लोड म्हण. दीड लावायचा.

दीड लाव म्हणतोय ते कोडाची ओळ दाखवण्यापुरतं नाही. मला एक सांग, ८ टन हा आकडा तुला कुणी दिला?

मी सत्तावीसचा असताना सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात ऑफ सीझनला ज्यूस हीटर उतरवायचं काम होतं. ड्रॉइंगवर वजन ५.६ टन. माझ्यासारख्याच एका शहाण्याने तेवढंच धरून बीम टाकला होता. मी नवा, मी फक्त सही बघितली. उचलायला लागलो. हीटर जमिनीपासून हातभर वर आला आणि बीमचा वरचा फ्लँज दोन बोटं बाजूला गेला. खाली वाकला नाही हं, बाजूला गेला. आमचे म्हातारे खलाशी (जड माल उचलणारे कामगार) खाली उभे होते. ते काही बोलले नाहीत, नुसती दोन्ही हातांनी सावकाश खाली घ्यायची खूण केली. हीटर परत जागेवर ठेवला. बीमला दोन्ही बाजूंनी अँगल मारून शेजारच्या फ्लोअर बीमला बांधलं आणि मग उतरवला. ट्रकवर चढल्यावर मी हट्टाने तो उसाच्या वजनकाट्यावर नेला. ट्रकचं रिकामं वजन वजा करून ७.२ टन निघाले. नळ्यांमध्ये सीझनभराचं किटण होतं, आणि तळाशी पाणी राहिलं होतं ते कुणी सोडलंच नव्हतं.

७.२ ला ५.६ ने भाग. १.२९ येतात. म्हणजे १.२ चा फॅक्टर वजन चुकण्यातच खलास. धक्का, तिरका ओढ, गंजलेला बीम, सदोष वेल्ड यांच्यासाठी खिशात काहीच उरलं नाही.

लोकांना वाटतं फॅक्टर म्हणजे भाडं, दोन दिवस राहिलो तर दोन दिवसांचं द्यायचं. फॅक्टर तुझ्या अज्ञानावर लागतो रे. कायमच्या ऑफिस फ्लोअरवर किती भार येतो हे लोकांनी वर्षानुवर्षं मोजलंय. तुझी मोटर आजवर कुणी काट्यावर घातलीय का? मग अज्ञान कुठे जास्त आहे ते तूच ठरव.

आणि ते ८ टन सुद्धा खरे धरू नकोस. मोटर ८ ची, पण ब्लॉक १० चा आहे. बेसफ्रेम खालच्या ग्राऊटला (सिमेंटच्या भरावाला) चिकटली असेल, किंवा एखादा फाऊंडेशन बोल्ट कापायचा राहिला असेल, तर चेन ओढणारा ओढतच राहतो. त्याला हातात फक्त जड लागतं. मोटर हलत नाही आणि बीमवर तिच्या वजनापेक्षा जास्त ओढ येते. हिशोब ब्लॉकच्या १० टनांवर कर.

अजून एक. मोटर आणि ट्रॉली एका रेषेत येणार नाहीत. कधीच येत नाहीत. खलाशी मोटर लटकलेली असताना बाजूला ओढणार. साखळी नुसती तीन अंश तिरकी झाली तरी ४ किलोन्यूटन आडवे येतात. हाताच्या क्रेनसाठी आडवा भार ५ टक्के धरतात, तोही हिशोबाने तेवढाच येतो. ३०० चा आडवा मॉड्युलस फक्त ६४.८. या चार किलोन्यूटनांनी फ्लँजच्या टोकाला जवळपास ८० मेगापास्कल ताण येतो, उभ्या वजनाचा वेगळा. तुझ्या हिशोबात ही ओळच नाही.

उपाय तुझ्या यार्डातच पडलाय. तुकडे दोन आहेत ना? दोन्ही टाक, शेजारी शेजारी. वर सलग ८ मिमीची पट्टी, खाली अर्ध्या अर्ध्या मीटरवर पट्ट्या. दोन्ही टोकांना आणि मधोमध स्लिंग बसणार तिथे, दोन्ही बीमच्या मध्ये उभ्या डायफ्रॅम प्लेटा. असा जोड बाजूला पळत नाही. साधा इलॅस्टिक हिशोब धरलास तरी २६० मिळतात. १० टन, धक्का आणि दीड घेऊन तुला लागतात २१३. एक रुपयाचा नवीन बीम नको, फक्त पट्ट्या आणि वेल्डिंग.

टोकं ब्रॅकेटवर नुसती ठेवू नकोस, बोल्टने बांध. टोक आडवं पडू शकत असेल तर मधला सगळा हिशोब पाण्यात. स्लिंग फ्लँजच्या धारेवर नको, पॅकिंग घाल.

आणि ब्रॅकेट कॉलमच्या वेबवर (दोन फ्लँजमधल्या पट्टीवर) मारणार की फ्लँजवर? ते आधी सांग.

भोसरीचा_ज्युनियर

काका, मी हे वाचून परत हिशोब केला. ६६ च आले. मला एलटीबी माहीत आहे, परीक्षेला सोडवलंय, पण फॅक्टरच्या वादात तिकडे लक्षच गेलं नाही. सरांना दाखवलं. ते पाच मिनिटं गप्प होते, मग म्हणाले "दोन टाक".

ब्रॅकेट फ्लँजवर आहेत, शॉपमध्ये करून आणणार आणि जागेवर वेल्ड करणार. जुने साहेब अजून ३३ टक्क्यांवर अडून आहेत.

गर्डरकाका

३३ टक्के हे वारा आणि भूकंपासाठी होते. पूर्ण लाइव्ह लोड आणि पन्नास वर्षांतलं मोठं वादळ एकाच क्षणी येणं अवघड, म्हणून ती सवलत. मोटर हुकला लावल्यावर तिचं पूर्ण वजन येणारच आहे, त्यात अवघड काय? साहेबांना माझा नमस्कार सांग आणि एवढं विचार.

फ्लँजवर आहे ते बरं. टोकाला फॅक्टर धरून ८८ किलोन्यूटन येतात, ते कॉलमच्या मध्यापासून दूर, म्हणजे कॉलमला वाकवणार. वेल्ड जागेवरचं आहे, तेव्हा मटेरियल फॅक्टर १.२५ नाही, १.५ घे. कॉलमवर शेडचं वजन चालू आहे, म्हणून वेल्ड उभे मारायला सांग. फ्लँजच्या रुंदीभर एका दमात आडवा वेल्ड मारला तर तेवढा पट्टा तापून मऊ पडतो.

मांडववाला_सदाशिव

काका, मुजरा. पण एका गोष्टीवर हरकत. "वेळ कमी म्हणून लोड कमी होत नाही" असं सरसकट म्हणू नका. मी गणपतीच्या कमानी आणि स्टेजची डिझाईनं करून देतो, महापालिकेच्या परवानगीला सर्टिफिकेट लागतं म्हणून. वाऱ्याच्या कोडात, आयएस ८७५ भाग ३ मध्ये, तात्पुरत्या शेड आणि बांधकामाच्या वेळच्या स्ट्रक्चरना के-१ (वाऱ्याच्या मूळ वेगाला लावायचा एक गुणक) कमी धरायला सरळ परवानगी आहे. पुण्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद. कायमच्या इमारतीला के-१ म्हणजे १.०, तात्पुरत्याला ०.७६. दाब वेगाच्या वर्गाने जातो. बाकी गुणक एक धरले तर चौरस मीटरला ९१२ न्यूटनचे ५२७ होतात. जवळपास निम्मे. हे वेळेमुळेच झालं ना?

गर्डरकाका

सदाशिवराव, मान्य. मी हुकाबद्दल बोलत होतो, तुम्ही वाऱ्याबद्दल बोलताय, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वारा निसर्गाचा. तुम्ही वीस दिवस उभे राहिलात तर मोठं वादळ गाठायची शक्यता खरोखरच कमी. हुकाचं तसं नाही, तो पहिल्याच मिनिटाला भरतो.

पण बघा, कोडाने तिथेही फॅक्टर कमी केलेला नाही. वाऱ्याचा वेग कमी केला, दीड तसाच ठेवला. शिवाय ०.७६ हा आकडा पाच वर्षांच्या आयुष्यावर बेतलाय. त्याचा अर्थ, तो वेग पाच वर्षांत एकदा तरी ओलांडला जाण्याची शक्यता ६३ टक्के. कायमच्या इमारतीलाही पन्नास वर्षांत तेवढीच. म्हणजे तात्पुरत्याला जास्त सूट वगैरे काही नाही, ज्याच्या त्याच्या आयुष्याच्या मानाने धोका सारखाच. पण वर्षाचा हिशोब केला तर पाच वर्षांवाला वेग दर वर्षी ओलांडला जायची शक्यता १८ टक्के निघते. मग तो दीड फॅक्टर किती कामाचा आहे ते कळतं.

तुम्ही म्हणाल कमान तर वीसच दिवस. तुमची नळ्यांची फ्रेम दर वर्षी तीच असते ना? गणपती, मग नवरात्र, मग कुणाचा तरी वाढदिवस. पाच वर्षं काय, दहा वर्षं उभी राहते, फक्त जागा बदलत.

मांडववाला_सदाशिव

वाढदिवसाचं अगदी खरं. आणि माझं खरं दुखणं तेच आहे, म्हणून इथे लिहायला बसलो. कमान मी उघड्या जाळीची म्हणून काढून देतो. वारा नळ्यांमधून निघून जातो. मंडळ मूर्ती बसायच्या आदल्या रात्री त्यावर सहा बाय तीन मीटरचा फ्लेक्स ताणतं. १८ चौरस मीटरचं शीड. कमी केलेल्या ५२७ ने सुद्धा जवळपास एक टन आडवा धक्का, आकाराचा गुणक न धरता. पायाशी वाळूचे ड्रम असतात. ते पुरेसे आहेत का हे बघताना ड्रमचं वजन ०.९ ने गुणायचं आणि वारा १.५ ने, हे मंडळाच्या अध्यक्षांना समजावण्यात माझा श्रावण जातो. "साहेब, ड्रम तर तेवढाच जड आहे ना, ०.९ कशाला?" मी म्हणतो, आतली वाळू भरताना तुमची पोरं पाऊण ड्रमवरच थांबतात म्हणून.

घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग पडलं, ते तात्पुरतं नव्हतं, पण वारा कसा होता आठवा. वळवाच्या आधीची धूळवावटळ. मोसम नाही म्हणून वारा नाही, असं धरणारे लोक मला दर एप्रिलमध्ये भेटतात.

वाळवंटी_वळणे

दोह्याहून लिहितोय, मूळ गाव कराड. इकडे बहुतेक साईटवर तात्पुरत्या कामांना ब्रिटिश पद्धत चालते, बीएस ५९७५. तिचं मूळ १९७२ सालात आहे. रीडिंगजवळ लॉडन नदीवरच्या पुलाचं सेंटरिंग काँक्रीट ओतताना कोसळलं, तीन माणसं गेली. त्यानंतर ब्रॅग समितीचा अहवाल आला आणि १९८२ मध्ये हा कोड.

त्यातली एक गोष्ट भोसरीच्या मित्राला लगेच उपयोगी. सेंटरिंगवर आडवा भार काही दिसत नसला तरी उभ्या भाराच्या अडीच टक्के आडवा धरावाच लागतो. काकांचे ते तीन अंश आणि हे अडीच टक्के, जात एकच. न दिसणारा धक्का हिशोबात सक्तीने आणायचा.

युरोपियन कोडात वाऱ्यासाठी तर मुदतीप्रमाणे पायऱ्याच आहेत. तीन दिवसांपर्यंतच्या कामाला दोन वर्षांचा वारा (सरासरी दोन वर्षांतून एकदा येणारा), तीन महिन्यांपर्यंत पाच वर्षांचा, वर्षापर्यंत दहा वर्षांचा. वजनाला मात्र अशी मुदतवार सवलत नाही.

आणि इकडे लोड चढवायच्या आधी एक सही लागते. डिझाईन करणाऱ्याची नाही, जागेवर जाऊन "ड्रॉइंगप्रमाणेच बांधलंय" हे बघणाऱ्याची. ती नसेल तर चेनला हात लावायचा नाही. सुरुवातीला मला हे कागदी नखरे वाटायचे. मग एकदा मी काढलेल्या बारा ब्रेसिंगपैकी साईटवर सातच सापडले. उरलेले पाच दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालायला.

नटबोल्ट७७

मी वर १.२ म्हणालो होतो. इरेक्शन लोडची व्याख्या काढून वाचली, काका म्हणतात तसंच आहे. शब्द मागे. पण एक शंका: चेनब्लॉक आणि स्लिंगला चार-पाच पट फॅक्टर असतो, मग बीमला दीडच कसा पुरतो?

गर्डरकाका

चांगला प्रश्न. बीमच्या बाबतीत तू भार वेगळा मोजलास, धक्का वेगळा, बकलिंग वेगळं, मटेरियलचा १.१ वेगळा, आणि मग दीड. आणि हे सगळं बीमच्या यील्डपाशी मोजतोस. स्लिंगचा चार-पाच पट तुटण्याच्या ताकदीवर आहे, आणि सगळ्या भानगडी त्या एकाच आकड्यात भरल्यात. झिजलेले पदर, कोनामुळे वाढणारी ओढ, धारेवरची घासण, झटका. स्लिंग आज इथे, उद्या तिथे, ट्रकच्या टपावर उन्हात पडलेली. तिला पूर्वी काय काय सोसावं लागलं हे कुणाला ठाऊक? दोन आकड्यांची तुलनाच करू नकोस, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत.

भोसरीचा_ज्युनियर

मंडळी, काम झालं. दोन्ही ३०० काकांनी सांगितल्याप्रमाणे जोडले. सरांनी स्वतःहून हुकात लावायचा काटा भाड्याने आणला, दोन दिवसांसाठी. मोटर निघाली ८.९ टन. अर्धं कपलिंग तिच्यावरच होतं, आणि बेसफ्रेमखाली ग्राऊटचा मोठा गोळा चिकटून आला. एक फाऊंडेशन बोल्ट खरंच कापायचा राहिला होता. काटा दहाकडे सरकायला लागला तसं फोरमनने थांबवलं, बोल्ट कापला आणि परत उचललं.

बीमच्या मध्ये दोरी ताणून झोल मोजला, ७ मिमी. हिशोबाने ६.८ यायला हवा होता. मी तो फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, जुन्या साहेबांनी अंगठा दाखवला. वरचा.

आता नवीन भानगड. मेन्टेनन्सवाले म्हणतात बीम काढू नका, पुढच्या वर्षी पंप काढायचाय तेव्हा कामाला येईल. सरांना पण काढायचा खर्च वाचतोय. बीम दीडनेच केलाय, मग ठेवायला हरकत आहे का?

गर्डरकाका

बीमला नाही, कॉलमला आहे. आपण ब्रॅकेटचा भार कॉलमवर तपासला तो शटडाऊनपुरता, वारा न धरता. कायम ठेवायचा म्हणजे शेडवरचा पूर्ण वारा आणि हुकाचा भार एकत्र घेऊन कॉलम आणि त्याचा पाया परत तपास, १.२ च्या कॉम्बिनेशनने. हो, तिथे १.२ चालतो, कारण दोन्ही पूर्ण ताकदीने एकदम येत नाहीत. सरांना सांग, तुमचा आकडा शेवटी कुठेतरी लागला.

मग बीमवर दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरांत सुरक्षित भार रंगव. वर्षातून एकदा सक्षम माणसाकडून तपासणी आणि रजिस्टरला नोंद ठेव, २०२५ पर्यंत हे फॅक्टरी ॲक्टच्या कलम २९ मध्ये होतं. खालच्या पट्ट्यांवर पाणी साचेल, रंग दे.

भोसरीचा_ज्युनियर

सर म्हणतात कॉलम आपल्या स्कोपमध्ये नाही.

गर्डरकाका

मग बीम उतरव. आणि ब्रॅकेटही कापायला सांग, नुसते ठेवलेस तर पुढच्या शटडाऊनला कुणीतरी त्यावर एकटा ३०० टाकेल.